चावीचं घड्याळ घरच्या टेबलावर उघडताना

कपाटाच्या वरच्या खणात जुन्या पासबुकांच्या शेजारी पडून असलेलं चावीचं घड्याळ बहुतेक घरांत एचएमटीचंच निघतं. जनता, पायलट, सोना, कोहिनूर यांपैकी एखादं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बेंगळुरूत ही घड्याळं बनू लागली आणि पुढे कित्येक वर्षं लग्नात जावयाला, दहावी पास झालेल्या मुलाला, निवृत्तीच्या समारंभात हीच दिली गेली. दहा-वीस वर्षं कुणी चावी दिली नाही म्हणून ती बंद पडली आहेत, पण आत मोडलेलं सहसा काही नसतं. तेल वाळून गोंदासारखं झालेलं असतं, त्यात धूळ बसलेली असते आणि चाकांचा फिरण्याचा मार्ग अडलेला असतो. त्यामुळे काम असं: उलगडायचं, धुवायचं, तेल द्यायचं आणि परत जुळवायचं. करोनाच्या टाळेबंदीत नाक्यावरच्या घड्याळजीचं खोकं बंद होतं, घराबाहेर पडायचं नव्हतं, आणि या कामाला सगळ्यात जास्त जे लागतं ते, म्हणजे सलग रिकामे तास, हाताशी होते.

फक्त पहिलं घड्याळ आजोबांचं घेऊ नका. पहिल्या घड्याळात काहीतरी बिघडतंच. स्क्रूची खाच चेपते, एखादी स्प्रिंग उडते, कधी हेअरस्प्रिंग, म्हणजे केसासारखी बारीक स्प्रिंग, वाकते. ज्याच्यासाठी घरात कुणी हळहळणार नाही असं घड्याळ घ्या, आणि ते जमलं की आजोबांचं. गजराचं टेबलावरचं घड्याळ मोठं म्हणून सोपं वाटतं, पण त्याची मेन स्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) जाड आणि उघडी असते. ताण न काढता सुटली तर बोट कापते. सुरुवात मनगटी घड्याळानेच करा, तेही साध्या चावीच्या, तारीख नसलेल्या. ऑटोमॅटिक आणि तारखेचं घड्याळ तिसऱ्या-चौथ्या खेपेला.

चोरबाजारातून कधीतरी घेतलेलं चकचकीत जुनं स्विस घड्याळ घरात असेल तर ते बहुधा 'मुंबई स्पेशल' असतं. संग्राहकांत हे नाव नव्याने रंगवलेल्या डायलच्या, चार घड्याळांचे भाग एकत्र करून उभ्या केलेल्या घड्याळांना पडलं आहे. संग्रहाच्या दृष्टीने त्याला मोल नाही, पण हात बसवायला ते उत्तम. एक खबरदारी मात्र घ्या. साठच्या दशकाआधीच्या घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा रंग असेल तर तो रेडियमचा असू शकतो. आता तो चमकत नसला तरी त्यातलं रेडियम गेलेलं नसतं. पिवळट-तपकिरी झालेला, भुगा होऊन पडणारा असा रंग दिसला तर घड्याळ उघडू नका, खरवडू तर मुळीच नका. झाकण लावा आणि पिशवीत बंद करून ठेवा.

जागा, पंखा आणि लादी

मुंबईच्या घरात या कामाचे तीन शत्रू आहेत: पंखा, घाम आणि जमीन. पंखा सुरू ठेवून काम होत नाही, वाऱ्याने डायलखालचा वॉशरसुद्धा उडतो. मे महिन्यात पंखा बंद करून दुपारी बसलात तर कपाळावरचा घाम थेट यंत्रात पडतो, आणि स्टीलवर पडलेल्या घामाचा एका रात्रीत गंज होतो. म्हणून पहाटे साडेपाच ते आठ ही वेळ धरा. कपाळाला रुमाल बांधा. बोटांनी यंत्राला हात लावू नका, सगळं चिमट्याने. हातमोजे नकोत. साबणाने धुऊन कोरडे केलेले हात आणि चिमटा पुरतो.

जुन्या इमारतींतल्या मोझेकच्या लाद्या म्हणजे छोट्या भागांचं कब्रस्तान. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत मिलिमीटरभर लांबीचा स्क्रू दिसतच नाही. टेबलाखाली आणि खुर्चीभोवती पांढरी चादर पसरा. टेबलावर पांढरा कागद, आणि टेबलाच्या पुढच्या कडेला चादरीचं एक टोक चिकटवून दुसरं मांडीवर घ्या, म्हणजे निसटलेली वस्तू झोळीत पडते. तरीही काही जमिनीवर गेलंच तर जागेवरून हलू नका. खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा फिरवा. छोट्यात छोट्या भागाचीही लांब सावली पडते आणि तो सापडतो.

टेबल छातीच्या उंचीचं हवं. जेवायच्या टेबलावर पाटाखाली दोन जाड पुस्तकं ठेवून उंची वाढवता येते. कोपर टेकलेले असले की हात थरथरत नाही.

हत्यारं, आणि ती नसली तर काय चालतं

स्क्रूड्रायव्हर ०.८, १.०, १.२ आणि १.६ मिलिमीटर पात्याचे हवेत. चष्म्याच्या किटमधला सगळ्यात बारीक साधारण चालतो, पण त्याचं पातं खाचेत घट्ट बसेल इतकं घासून घ्यावं लागतं. चाकूला धार लावायच्या दगडावर दोन थेंब तेल टाकून पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या घासा. पातं खाचेच्या पूर्ण रुंदीचं असावं आणि तळाला टेकावं. अरुंद पातं खाच फोडतं, रुंद पातं आजूबाजूचा धातू ओरबाडतं. स्क्रू खराब होण्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं, जोर कमी पडला हे नसतं.

चिमटा टोकदार हवा आणि त्याची दोन्ही टोकं उजेडासमोर धरल्यावर बरोबर जुळलेली दिसली पाहिजेत. भुवयांचा चिमटा चालत नाही. भिंग पाच पटीचं घ्या, ते वस्तूपासून साधारण पाच सेंटिमीटरवर धरावं लागतं. दहा पटीचं फक्त तपासणीला. बाकीचं घरात असतं: बांबूच्या टूथपिक, कॅमेऱ्याचा रबरी फुगा, बर्फाचा ट्रे भाग ठेवायला, झाकायला एक काचेचा ग्लास. चिकट बोळा म्हणून घड्याळजी रोडिको वापरतात. भिंतीला पोस्टर चिकटवायचं ब्लू टॅक तेलकट डाग सोडतं, ते यंत्रात नेऊ नका.

धुण्यासाठी नॅफ्था लागतो, म्हणजे सिगारेट लायटरमध्ये भरतात तो द्रव. एका घड्याळाला ३०-४० मिलिलिटर पुरे. रॉकेल तेलकट थर सोडतं. गाडीच्या पेट्रोलमध्ये इतर रसायनं असतात, शिवाय त्याची वाफ बंद खोलीत घेण्यासारखी नाही. नॅफ्थाही पेटतो. वन रूम किचनमध्ये गॅस आणि कामाचं टेबल एकाच खोलीत असतात, तेव्हा धुताना गॅस, देवापुढचं निरांजन, उदबत्ती, मच्छरची कॉइल सगळं बंद आणि खिडकी उघडी. वापरलेला नॅफ्था मोरीत ओतू नका. उघड्या वाटीत गॅलरीत ठेवा, तो उडून जातो.

आणि सॅनिटायझर नको. घरात बाटली असते म्हणून हा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, उरलेलं पाणी. पाणी गंज आणतं आणि ग्लिसरॉल चिकट थर ठेवतं. त्याहून वाईट म्हणजे पॅलेट फोर्क (चाकं एकेक दाता पुढे सोडणारा दुतोंडी भाग) याच्यावरचे खडे आणि बॅलन्सखालचा, म्हणजे हेलकावे घेणाऱ्या चाकाखालचा, इम्पल्स खडा लाखेने चिकटवलेले असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सॅनिटायझरच काय, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलसुद्धा या दोन भागांना लावायचं नाही.

उघडणं

मागचं झाकण दोन प्रकारचं असतं. दाबून बसवलेल्या झाकणाच्या कडेला एक बारीक फट असते. तिथे बोथट चाकूचं टोक लावून पिळायचं, आत खुपसायचं नाही. कडेने खाचा असलेलं झाकण आट्यांचं. त्याला हत्यार नसेल तर हवा काढलेला रबरी चेंडू झाकणावर दाबून डावीकडे फिरवा, बहुतेक वेळा सुटतं. नाही सुटलं तर कडेला नॅफ्थाचा एक थेंब देऊन तासभर थांबा. मुंबईत आट्यांत घामाचं मीठ आणि गंज बसलेला असतो.

झाकण निघालं की पहिला फोटो. यापुढे प्रत्येक भाग काढण्याआधी एक आणि काढल्यावर एक फोटो घ्यायचा, मोबाइल सरळ वर धरून. प्रत्येक स्क्रू त्याच्या भागाबरोबर ट्रेच्या त्याच कप्प्यात. डायलखालचे, ब्रिजचे (चाकं वरून धरणाऱ्या पट्टीचे) आणि रॅचेटचे (मेन स्प्रिंग गुंडाळणाऱ्या चाकाचे) स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर पलीकडे टोक बाहेर येऊन चाक अडवतो.

आता मेन स्प्रिंगचा ताण काढायचा. जुनी माणसं हिला कमान म्हणतात. हे विसरलात आणि पॅलेट फोर्क काढलात, तर अडलेली सगळी शक्ती एका क्षणात सुटते, चाकं भिंगरीसारखी फिरतात आणि दाते किंवा पिव्हट (चाकाच्या दांड्याची बारीक टोकं) तुटतात. चावी अंगठा आणि तर्जनीत घट्ट धरा, किंचित चावी देण्याच्या दिशेला फिरवा. रॅचेट चाकाला अडकलेला छोटा दातेरी खिळा, म्हणजे क्लिक, टूथपिकने बाजूला सारून धरा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी सुटू द्या. चावी एकदम सोडायची नाही. ती पूर्ण थांबेपर्यंत क्लिक सारलेलीच ठेवा.

चावी बाहेर काढायची तर तिच्या दांड्याजवळ एक छोटा स्क्रू किंवा दाबायचं गोल टोपण असतं. स्क्रू असेल तर एक-दीड फेराच सैल करा. पूर्ण काढलात तर पलीकडचा सेटिंग लिव्हर (चावीचा दांडा धरून ठेवणारा भाग) सुटून पडतो आणि डायल काढल्याशिवाय जागेवर बसत नाही. नवख्या हातांत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे.

काटे काढण्याआधी तासाचा आणि मिनिटाचा काटा बारावर आणा. डायलवर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून दोन बाजूंनी दोन पाती लावून सरळ वर उचला. डायलचे पाय यंत्राच्या कडेच्या दोन बारीक स्क्रूंनी धरलेले असतात. ते सैल करा, डायल काढा आणि स्क्रू लगेच परत आवळा, नाहीतर धुताना हरवतात. डायल उचलताना तिच्या मागे बघा. तासचाकावरचा (तासाचा काटा फिरवणाऱ्या चाकावरचा) कागदासारखा पातळ पितळी वॉशर तेलाने डायललाच चिकटून जातो आणि दोन दिवसांनी केरात सापडतो.

उलगडणं

पहिला बॅलन्स. ब्रिजचा स्क्रू काढा, कडेच्या खाचेत पातं घालून ब्रिज किंचित उचला. ब्रिज वर येतो आणि चाक हेअरस्प्रिंगला लोंबकळतं. या केसासारख्या बारीक गुंडाळीला इथले कारागीर बालकमानी म्हणतात. चाक त्यावर लटकलेलं असताना हिसका द्यायचा नाही, फिरवायचं नाही. उचलून लगेच उलटं करून पालथ्या वाटीवर ठेवा. बॅलन्सच्या पिव्हटची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी असते, म्हणून तो पडला तर वाकलाच असं धरा.

मग पॅलेट फोर्क. त्यानंतर रॅचेट चाक आणि क्राउन चाक (चावीचा फेरा रॅचेटला देणारं). क्राउन चाकाचा स्क्रू बऱ्याच घड्याळांत उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे उजवीकडे फिरवल्यावर सुटतो. हलत नाही म्हणून जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने हळूच करून बघा. क्लिकची स्प्रिंग उडणारी. तिच्यावर टूथपिकचं टोक ठेवून दुसऱ्या हाताने चिमटा, किंवा सगळंच पारदर्शक पिशवीत हात घालून करा.

चाकांवरचा ब्रिज काढल्यावर बॅरल (मेन स्प्रिंगची डबी), मधलं चाक, तिसरं, चौथं आणि एस्केप चाक (फोर्कजवळचं शेवटचं) समोर येतात. काढण्याआधी प्रत्येकाला टूथपिकने किंचित हलवून बघा: वरखाली थोडी सैल हालचाल हवी, जाड काळपट तेल दिसलं तर तेच बंद पडण्याचं कारण.

बॅरल उघडून स्प्रिंग बाहेर काढू नका. वाइंडरशिवाय (स्प्रिंग गुंडाळायच्या हत्याराशिवाय) ती परत हाताने गुंडाळताना पिळते आणि बॅरलच्या झाकणाला घासते. पूर्ण चावीवर घड्याळ ३० तासही चालत नसेल तरच तो प्रश्न, आणि तेव्हा नवी स्प्रिंग घालावी.

धुणं

तीन छोट्या काचेच्या बाटल्या घ्या. पहिल्यात १० मिनिटं, मग मऊ ब्रशने घासून दुसऱ्यात, शेवटी स्वच्छ नॅफ्थात बुडवून काढायचं. प्रत्येक ज्वेलच्या (पिव्हट ज्यात फिरतो त्या खड्याच्या) छिद्रात टोक केलेली टूथपिक घालून फिरवा, टोक काळं येईल. नवी घ्या, टोक पांढरंच येईपर्यंत. पुढचं सगळं यावर ठरतं: छिद्रात राहिलेला काळा कण नवं तेल पिऊन पुन्हा चिकट होतो आणि सहा महिन्यांत घड्याळ परत थांबतं.

पॅलेट फोर्क फक्त नॅफ्थात, अर्ध्या मिनिटात बाहेर. बॅलन्स सुटा धुतला तर हेअरस्प्रिंग अडकते. रिकाम्या मुख्य प्लेटवर बॅलन्सचा ब्रिज परत स्क्रूने बसवा आणि अख्खी प्लेट हळूच बुडवून काढा. एचएमटीच्या डायलवर पॅराशॉक लिहिलेलं असतं, म्हणजे बॅलन्सच्या पिव्हटवरचा खडा स्प्रिंगने धरलेला असतो. रीतसर पद्धत ती स्प्रिंग उघडून खडा वेगळा धुण्याची, पण ती डोळ्याला जेमतेम दिसते आणि उडाली तर संपलं. पहिल्या दोन घड्याळांत ती बंद ठेवूनच धुवा.

वाळवायला रबरी फुगा. हेअर ड्रायर नको, भाग उडतात. पावसाळ्यात धुतलेले स्टीलचे भाग रात्रभर उघडे ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या चपलांच्या किंवा औषधांच्या बाटल्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा.

तेल

घड्याळाचं तेल वेगळं असतं, ते पसरत नाही आणि वर्षानुवर्षं वाळत नाही. वेगाने फिरणाऱ्या पिव्हटना पातळ, मोबियस ९०१० सारखं. मधल्या चाकाला आणि बॅरलला जाड, एचपी १३०० किंवा डी ५ सारखं. चावीच्या सरकत्या भागांना ग्रीस. २ मिलिलिटरची कुपी छंदाला कित्येक वर्षं पुरते.

मिळत नसेल तर थांबा. खोबरेल तेल चालत नाही. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि हवेने खवट, चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल छिद्रातून वाहून प्लेटभर पसरतं. गंज सोडवायचा स्प्रे डब्ल्यूडी ४० उडून जातं आणि मागे थर ठेवतं. भाग धुऊन डब्यात ठेवायचे आणि तेल आल्यावर जुळवायचं, यात काही बिघडत नाही. चालतं का एवढं बघायला दोन मिनिटं कोरडं चालवलं तरी चालेल, त्याहून जास्त नाही.

तेल द्यायला शिवणाच्या सुईचं टोक हातोडीने चपटं करून दगडावर घासा. ज्वेलभोवती वाटीसारखी खळगी असते. तिच्या अर्ध्यापर्यंत तेल, जास्तीत जास्त दोन तृतीयांश. भिंगातून बघितल्यावर पिव्हटभोवती चकाकणारं कडं दिसलं पाहिजे, थेंब नव्हे. जास्त तेल कडेवरून ओघळलं की उरलेलंही खेचून नेतं आणि ज्वेल कोरडा पडतो. म्हणजे जास्त दिलं तर शेवटी काहीच राहत नाही. चाकांच्या दात्यांना तेल नाही. पॅलेट फोर्कच्या पिव्हटनाही नाही, फक्त त्याच्या खड्यांच्या टोकाला अगदी पुसट. हेअरस्प्रिंगला तेल लागलं तर वेटोळी चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जातं.

जुळवणं

फोटोंच्या उलट क्रमाने. सगळं कौशल्य ब्रिज बसवण्यात आहे. चार-पाच चाकांचे खालचे पिव्हट त्यांच्या छिद्रांत उभे असतात, ब्रिज वर ठेवलात की वरचे पिव्हट आपोआप छिद्रांत येत नाहीत. ब्रिजवर टूथपिकने अगदी हलका दाब ठेवा, बोटाच्या वजनाहून कमी, आणि दुसऱ्या टूथपिकने एकेका चाकाच्या दांड्याला ढोसा. पिव्हट छिद्रात गेला की ब्रिज किंचित खाली बसतो, कडेची फट बारीक होते. दुसरा गेला की अजून थोडी. सगळे गेले की ब्रिज न दाबताच प्लेटला पूर्ण टेकतो. फट शिल्लक असताना स्क्रू आवळून ती बंद करायची नाही. पिव्हट तुटतो तो इथे, आणि तुटताना आवाजही येत नाही.

स्क्रू लावताना प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला मधलं चाक हलवून बघा. सगळी चाकं सैलपणे फिरली पाहिजेत. मग रॅचेट बसवून चावीचे दोन-तीन दाते द्या. फोर्क अजून नसल्याने चाकं सरसर फिरून थांबतात, आणि थांबताना एस्केप चाक क्षणभर उलटं फिरलं तर समजा रस्ता मोकळा आहे. ताण पूर्ण उतरू द्या आणि मग फोर्क लावा. पुन्हा थोडी चावी द्या. फोर्कला एका बाजूने टूथपिक टेकवली की तो टपकन दुसऱ्या बाजूला उडी मारतो. सुस्तपणे सरकला तर मागे काहीतरी अडतंय, पुढे जाऊ नका.

शेवटी बॅलन्स. ब्रिज चिमट्यात, चाक खाली लोंबतंय. चाकाखालचा बारीक खडा फोर्कच्या दोन शिंगांमधल्या खाचेत यायला हवा. फोर्क एका बाजूला टेकलेला असतो, त्याच बाजूने बॅलन्स आत आणा, खालचा पिव्हट छिद्रात सोडा आणि ब्रिज त्याच्या खुंट्यांवर टेकवा. स्क्रू लावण्याआधीच बहुतेक वेळा चाक हलतं, आधी अडखळत, मग रुंद हेलकावे घेत. सेकंदाला पाच टिकटिक, तासाला १८,०००. स्क्रू आवळताना चाक थांबलं तर ताबडतोब सैल करा. पिव्हट छिद्राबाहेर आहे.

तासचाकावर वॉशर ठेवायला विसरू नका, त्यानंतर डायल. काटे बारावर जुळवून दाबा आणि पूर्ण बारा तास फिरवून बघा. एकमेकांना, डायलला किंवा काचेला लागता कामा नयेत. चावीचा दांडा आत घालताना किंचित फिरवत ढकला, त्याचं चौकोनी टोक आतल्या चाकात बसतं.

वेळ लावणं आणि बिघाड ओळखणं

पूर्ण चावी द्या, डायल वर ठेवून २४ तास सोडा आणि मोबाइलच्या घड्याळाशी ताडून बघा. दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे म्हणजे या घड्याळासाठी चांगलंच. बॅलन्सच्या ब्रिजवरचा बारीक दांडा अधिकच्या खुणेकडे सारला की वेग वाढतो, उणेकडे कमी होतो. टूथपिकने केसाएवढंच सारा. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यातले ६० म्हणजे हजारातला एक भागही नाही.

टिकटिक ऐकून वेग सांगणारी अॅप आहेत आणि इअरफोनचा माइक घड्याळाला टेकवला तर वेग बऱ्यापैकी बरोबर येतो. हेलकावा किती रुंद, हे मात्र मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघा. बॅलन्सचं चाक मधल्या जागेपासून प्रत्येक बाजूला साधारण पाऊण फेरा जायला हवं. अर्ध्या फेऱ्याच्या आसपासच फिरत असेल तर तेल, घाण किंवा थकलेली कमान. डायल वर असताना चांगलं आणि उभं धरल्यावर मरगळलेलं असेल तर बॅलन्सचा पिव्हट झिजलेला किंवा वाकलेला.

घड्याळ दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जात असेल तर तेलाआधी चुंबकत्वाचा संशय घ्या. मोबाइल, स्पीकर, फ्रिजवरचं मॅग्नेट यांच्या शेजारी ठेवल्याने हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात. ट्रेकिंगच्या होकायंत्राजवळ चालू घड्याळ धरा, सुई थरथरली तर तेच. यंत्र टिकटिकतंय पण काटे जागचे हलत नाहीत, तर मधल्या दांड्यावरचं कॅनन पिनियन (मिनिटकाटा फिरवणारी नळी) सैल झालं आहे. चावी देताना कर्रकर्र करून निसटत असेल तर क्लिक किंवा त्याची स्प्रिंग. काटे एका ठरावीक जागी थांबत असतील तर काटेच एकमेकांना अडकतायत, यंत्र बरं आहे.

काच बहुतेक अॅक्रिलिकची असते, घासून साफ होते. जेल नसलेली साधी पांढरी टूथपेस्ट आणि ओला कापूस, १० मिनिटं गोल फिरवत. खोल ओरखडा असेल तर आधी १००० आणि मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून. काच केसमधून काढून करा किंवा यंत्र बाहेर असताना.

वाकलेली हेअरस्प्रिंग, तुटलेला बॅलन्स स्टाफ (बॅलन्सचा दांडा), फुटलेला ज्वेल आणि गंजून अडकलेला स्क्रू या चार गोष्टी घरी सोडवू नका. ज्याच्याकडे लेथ आहे अशा घड्याळजीकडे न्या. तुटलेला भाग कितीही क्षुल्लक वाटला तरी टाकू नका. कागदाच्या पुडीत बांधून त्यावर घड्याळाचं नाव आणि यंत्रावर कोरलेला नंबर लिहून ठेवा. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला सुटे भाग शोधायला गेलात की दुकानदार आधी नमुनाच मागतो, आणि त्या तुकड्यावरूनच मापाचा भाग मिळतो.